अल बुस्तान पॅलेस, मस्कत : बंदराच्या शहरापासून एक डोंगर अलीकडे

मस्कतमध्ये उंची हॉटेलांची वानवा नाही. समुद्र आणि डोंगर यांच्यामधल्या चिंचोळ्या पट्टीत हे शहर कित्येक किलोमीटर लांब पसरलेले असल्यामुळे हॉटेल निवडणे म्हणजे कोणते मस्कत पाहायचे हे ठरवणेच असते. विमानतळाच्या बाजूला मुक्काम केला तर रुंद रस्ते, मॉल आणि ओमानचे दिवंगत सुलतान काबूस यांची मोठी मशीद जवळ पडते. पूर्वेकडच्या टोकाला उतरले तर पोर्तुगीज किल्ल्यांचे जुने बंदर आणि मत्राचा बाजार हाताशी येतो. आम्हाला दुसरे मस्कत हवे होते. बरोबर चौऱ्याहत्तर वर्षांची, गुडघ्यांनी बेजार झालेली आणि शुद्ध शाकाहारी आई होती, त्यामुळे बाजारातल्या एखाद्या जुन्या लॉजमध्ये उतरण्याची हौस बाजूला ठेवून आम्ही जानेवारीत तीन रात्रींसाठी अल बुस्तान पॅलेस निवडले. २०१० पासून हे हॉटेल रिट्झ-कार्लटनच्या व्यवस्थापनाखाली आहे, पण टॅक्सीवाल्याला नुसते ‘बुस्तान’ म्हटले तरी पुरते.

या हॉटेलचा जन्म प्रवाशांसाठी झालेला नाही, ही गोष्ट आधी लक्षात घेतली तर इथल्या पुष्कळशा गोष्टींचा उलगडा होतो. नोव्हेंबर १९८५ मध्ये आखाती सहकार्य परिषदेच्या सहा देशांचे प्रमुख मस्कतला जमणार होते आणि त्यांना उतरवण्याजोगी वास्तू शहरात असावी म्हणून सुलतान काबूस यांनी ही इमारत बांधून घेतली. जागा निवडली ती डोंगरांच्या कवेत लपलेल्या एका पुळणीची. तिथे कोळ्यांचे गाव होते. ते उचलून शेजारीच नव्या घरांत वसवण्यात आले आणि आजही हॉटेलच्या कुंपणापलीकडे ते गाव नांदते आहे. सकाळी त्या अंगाला होड्या वाळूवर ओढलेल्या दिसतात. रस्त्यासाठी डोंगर फोडला गेला. रुवी या शहरातल्या व्यापारी भागाकडून येणारा तो रस्ता चढ चढून माथ्यावर येतो आणि तिथून एकदम खाली समुद्र, नारळी-खजुरीची हिरवळ आणि मधोमध उभी असलेली ती अवाढव्य इमारत दिसते, तेव्हा यजमानाला पाहुण्या राजेरजवाड्यांवर नेमकी कोणती छाप पाडायची होती हे कुणी समजावून सांगावे लागत नाही.

आत पाऊल टाकल्यावर तर मान आपोआप वर जाते. दर्शनी दालनाचा घुमट अडतीस मीटर उंच आहे, म्हणजे बारा-तेरा मजली इमारत त्याखाली सहज उभी राहील, आणि त्यातून स्फटिकाचे भले थोरले झुंबर लोंबते. संगमरवर, कमानी, निळ्या-सोनेरी नक्षीकामाच्या फरश्या, मधोमध कारंजे असा सगळा थाट आहे. मला स्वतःला भपक्याचे विशेष आकर्षण नाही आणि अलीकडच्या आखाती हॉटेलांतला चकचकाट तर डोळ्यांना टोचतो, पण इथला भपका चाळीस वर्षांचा झाल्यामुळे असेल कदाचित, त्याला एक प्रकारचे मुरलेपण आले आहे. सगळ्या दालनात लोबानाचा वास भरून राहिलेला असतो. दक्षिणेकडच्या धोफार प्रांतातल्या झाडांचा हा डिंक निखाऱ्यावर ठेवला की त्याचा धूर लिंबाच्या सालीची आठवण करून देणारा, जरासा थंड असा सुगंध सोडतो. आईने दारातच थांबून ‘चपला इथेच काढायच्या का?’ असे विचारले. हॉटेलबद्दल मी ऐकलेले हे सर्वांत नेमके मत आहे.

स्वागताला वेलदोडा घातलेली कहवा आणि खजूर येतात. ही कहवा आपल्या कॉफीच्या अपेक्षेने पिऊ नये. ती फिकट, बिनदुधाची आणि बिनसाखरेची असते, गोडवा खजुराने आणायचा असतो, आणि इवलीशी वाटी रिकामी झाली की ती पुन्हा भरली जाते. नको असेल तेव्हा वाटी दोन बोटांत धरून हलकेच हलवायची, हा इथला रिवाज आम्हाला चौथ्या वाटीनंतर समजला.

खोली घेताना एकच प्रश्न महत्त्वाचा आहे, समुद्राकडची की डोंगराकडची. दरात फरक असल्यामुळे डोंगराकडची घ्यावी असा मोह होतो. या डोंगरांवर झुडूपदेखील नाही. भाजलेल्या विटेच्या आणि राखेच्या रंगांचे ते नुसते उघडे दगड आहेत, आणि सह्याद्री पाहत वाढलेल्या माणसाला ते पहिल्या दिवशी रुक्ष वाटतात. दुसऱ्या दिवशी उतरत्या उन्हात त्यांचे रंग बदलताना पाहिले की मत पालटते. तरीही पहिल्यांदा येणाऱ्याने समुद्राकडचीच खोली घ्यावी असे मी म्हणेन, कारण ओमानच्या आखातातून वर येणारा सूर्य अंथरुणातून दिसतो आणि ते दृश्य डोंगराकडच्या गॅलरीतून मिळत नाही. सूर्यास्ताचे मात्र उलट आहे. पश्चिमेला डोंगरांची भिंत असल्यामुळे पुळणीवर सावली फार लवकर उतरते. जानेवारीत चार वाजून गेल्यावर पाण्यात पाय घालून बसायचे असेल तर अंगावर शाल हवी. हा दोष हॉटेलचा नव्हे, भूगोलाचा आहे, पण पोहण्याचा बेत सकाळचाच ठेवावा.

आमची खोली प्रशस्त होती, पलंगाची उंची आईला सोयीची होती आणि स्नानगृहात आधाराचा दांडा मागितल्यावर त्यांनी आसन आणून ठेवले. वृद्ध माणसांना घेऊन जाणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात ठेवावी की इथली अंतरे मोठी आहेत. खोलीपासून नाश्त्याच्या दालनापर्यंत आणि तिथून पुळणीपर्यंत चालणे बरेच होते. बागेतून बॅटरीवरची गाडी मिळते, ती बिनसंकोच बोलवावी. पुळण सुमारे एक किलोमीटर लांब आहे आणि हॉटेलातच उतरलेल्यांसाठी असल्यामुळे तिच्यावर गर्दी अशी होत नाही. वाळू बारीक, पाणी स्वच्छ, लाटा नावापुरत्या. गणपतीपुळ्याच्या किंवा तारकर्लीच्या समुद्राशी खेळलेल्या माणसाला हा समुद्र फारच सभ्य वाटेल.

नाश्ता भाड्यात धरलेला असेल अशीच खोली घ्यावी, कारण तो मनापासून करण्याजोगा आहे. फूल, म्हणजे बारीक आचेवर शिजवलेले घेवड्याच्या जातीचे दाणे, त्यावर ऑलिव्हचे तेल आणि लिंबू. हुमूस, लबने म्हणजे घट्ट दही, झातर हा अरबी मसाला लावलेली गरम रोटी, चार-पाच प्रकारचे खजूर, खजुराचा पाक आणि मध. भारतीय पाहुणे भरपूर असल्यामुळे डोसा-सांबारही असते. शाकाहारी माणसाचे पोट इथे सकाळी सहज भरते, कारण पूर्व भूमध्य समुद्राकडच्या अरबी न्याहारीत मांसाला फारसे स्थान नाही. रात्रीच्या जेवणाचा हिशेब वेगळा आहे. हॉटेलातल्या एका माणसाच्या जेवणाच्या पैशांत रुवीतल्या भारतीय उपाहारगृहात आम्ही तिघे दोनदा जेवलो. ज्यांना मांसाहार चालतो त्यांनी शुवा मात्र कुठेतरी चाखलाच पाहिजे. मसाला चोळलेले मांस केळीच्या किंवा खजुरीच्या पानांत बांधून जमिनीतल्या भट्टीत दिवस-दीड दिवस पुरून ठेवण्याचा हा ओमानी प्रकार मूळचा ईदचा आहे आणि मसाल्यातल्या लवंग, दालचिनी, मिरी यांवरून त्याचे गोत्र मलबार आणि झांजिबार या दोन्हीकडे पोचते.

सेवेबद्दल सांगायचे तर ती औपचारिक आहे, पण कोरडी नाही. आमचे सामान वर आणणारा तरुण आमचे बोलणे ऐकून पहिल्यांदा नुसता हसला आणि लिफ्टमध्ये शिरल्यावर म्हणाला, ‘मी दाभोळचा.’ आईचे माहेर गुहागरचे असल्यामुळे पुढचे तीन दिवस आमची चौकशी अंमळ जास्तच झाली, हे प्रांजळपणे सांगितले पाहिजे. म्हणून माझ्या मतातून तेवढा अंश वजा करावा. रत्नागिरीच्या बाजूची माणसे ओमानात पुष्कळ आहेत आणि ती काही तेलाच्या शोधानंतरच आलेली नाहीत. सोळाव्या शतकात दाभोळहून एडन आणि होर्मुझकडे तारवे जात असत. त्याच पाण्यावर मस्कत हे पाणी आणि रसद घेण्याचे ठिकाण होते.

आता या हॉटेलाची अडचण. ते मस्कतचे हॉटेल म्हणून ओळखले जात असले तरी मस्कतमध्ये नाही. तिन्ही बाजूंनी डोंगर आणि समोर समुद्र असल्यामुळे दाराबाहेर पडून चालत जाण्याजोगे काहीही नाही. चहाची टपरी नाही, वाण्याचे दुकान नाही, गल्ली नाही. जुने मस्कत आणि मत्रा गाडीने पंधरा-वीस मिनिटांवर आहेत, पण प्रत्येक वेळी गाडी मागवावी लागते. हॉटेलाची गाडी महाग पडते. मोबाईलवरून मागवलेली टॅक्सी निम्म्याहून कमी पैशांत येते. ओमानात टॅक्सी चालवण्याचा व्यवसाय ओमानी नागरिकांसाठी राखीव आहे, त्यामुळे चालक स्थानिकच असतो आणि वयस्क असेल तर बहुधा बऱ्यापैकी हिंदी बोलतो. पहिल्या दिवशी विमानतळावरून आणण्यासाठी आम्ही एका प्रवासी संकेतस्थळावरून आगाऊ गाडी ठरवली होती, ती आलीच नाही; पाऊण तास वाट पाहून आम्ही रांगेतली टॅक्सी घेतली आणि तिच्या चालकानेच पुढचे दोन दिवस आम्हाला फिरवले.

हॉटेलात राहून पुळण, बाग आणि घुमट यांतच तीन दिवस काढणारी माणसे आम्ही पाहिली. विश्रांती हाच हेतू असेल तर त्यात गैर काही नाही, पण मग मस्कतला येण्याचे कारण उरत नाही. बंदराची गोष्ट हॉटेलाच्या फाटकाबाहेरच्या चौकातच सुरू होते. तिथे चबुतऱ्यावर ‘सोहार’ नावाचे एक मोठे शिडाचे गलबत उभे आहे. टिम सेव्हरिन या ब्रिटिश साहसी प्रवाशाने सुलतानाच्या आश्रयाने ते सूर या गावी बांधून घेतले, नोव्हेंबर १९८० मध्ये मस्कतहून हाकारले आणि जुलै १९८१ मध्ये चीनमधल्या कँटनला पोचवले. मध्ययुगीन अरब दर्यावर्दी ज्या पद्धतीच्या नौकांतून चीनपर्यंत जात, तशीच नौका घेऊन तो मार्ग अजून पार करता येतो का, हे त्यांना पाहायचे होते. या गलबतात लोखंडी खिळा नाही. फळ्यांना कडेने भोके पाडून त्या काथ्याच्या दोरीने शिवलेल्या आहेत. लाकूड मलबारातून आले आणि शिवण घालायला लक्षद्वीपचे कारागीर आले. हॉटेलातून जाणाऱ्या-येणाऱ्या गाड्या या चौकाला वळसा घालून वेगाने निघून जातात. आम्ही गाडी थांबवून उतरलो, तेव्हा तिथे आमच्याशिवाय कुणीही नव्हते. सुंभाचे ते टाके हाताएवढ्या अंतरावरून पाहणे हा आमच्या मुक्कामातला एक मोलाचा अनुभव होता आणि त्याला एक बैसाही, म्हणजे इथला पैसाही, लागला नाही.

जुने मस्कत आकाराने एखाद्या आळीएवढे आहे. घोड्याच्या नालेसारखे वळलेले छोटे बंदर, त्याच्या दोन टोकांच्या कड्यांवर जलाली आणि मिरानी हे दोन किल्ले आणि त्यांच्यामध्ये १९७२ मध्ये बांधलेला निळ्या-सोनेरी खांबांचा अल आलम राजवाडा. पोर्तुगीज सेनानी अल्बुकर्कने १५०७ मध्ये हे बंदर जाळून लुटले आणि त्यानंतर १६५० पर्यंत ते पोर्तुगीजांच्या हाती राहिले; हे दोन्ही किल्ले त्यांनी १५८० च्या दशकात आजच्या रूपाला आणले. त्या काळी मस्कतचा कारभार गोव्याच्या व्हाइसरॉयच्या अखत्यारीत होता, म्हणूनच कोर्लई किंवा रेवदंडा पाहिलेल्या माणसाला इथले बुरूज अनोळखी वाटत नाहीत. पोर्तुगीजांना हाकलल्यावर ओमानी आरमार इतके बळावले की त्याने १६६८ मध्ये थेट दीववर जाऊन लूट केली. जलालीचा उपयोग पुढे दीर्घकाळ तुरुंग म्हणून झाला. बंदराच्या कड्यांवर चुन्याने रंगवलेली जुन्या जहाजांची नावे दिसतात. इथे नांगर टाकणाऱ्या जहाजांचे खलाशी कड्यावर चढून आपल्या जहाजाचे नाव लिहून जात.

या बंदराचे मुंबईशी नाते व्यापारापुरते नव्हते. ओमानचा सुलतान सईद बिन सुलतान याने मुंबईच्या गोदीत वाडिया कारागिरांकडून चौऱ्याहत्तर तोफांचे ‘लिव्हरपूल’ हे जहाज बांधून घेतले, ते १८२६ मध्ये पाण्यात उतरले आणि दहा वर्षांनी त्याने ते इंग्लंडच्या राजाला भेट देऊन टाकले. सुलतान तैमूर बिन फैसल १९३२ मध्ये गादी सोडून निवृत्त झाले आणि १९६५ मध्ये मुंबईतच वारले. राजवाड्याजवळ मोतीश्वराचे जुने शिवमंदिर आहे. आई तिथे अर्धा तास बसली. शेजारीच राष्ट्रीय संग्रहालय आहे, ते २०१६ मध्ये उघडले. त्याला दोन तास तरी द्यावेत आणि दर्यावर्दी दालनापासून सुरुवात करावी.

मत्राच्या बाजाराबद्दल सगळेच लिहितात, म्हणून थोडक्यात सांगतो. त्याच्या आतल्या भागाला ‘अंधारा बाजार’ म्हणतात, कारण छतामुळे तिथे भर दुपारीही दिवे लागत. समुद्राकडच्या तोंडाची दुकाने पर्यटकांची आहेत; तिथे न थांबता आत डावी-उजवी वळणे घेत गेले की खंजीर, चांदी, कुम्मा टोप्या आणि लोबान यांची खरी दुकाने लागतात. लोबान घेताना रंग पाहावा. होजारी जातीचा हिरवट पांढरा खडा सर्वांत चांगला आणि महाग, तपकिरी झाला की दर उतरतो. घासाघीस हिंदीत करता येते, किंबहुना हिंदीतच चांगली होते. किंमत बैशांत सांगितली की आपले कान टवकारतात, कारण हा आपलाच पैसा आहे. एक हजार बैशांचा एक रियाल. १९७० पर्यंत ओमानात रिझर्व्ह बँकेने आखातासाठी वेगळे छापलेले रुपये चालत. बाजाराला लागूनच सूर अल लवातिया ही तटबंदी असलेली वस्ती आहे. तिथले लोक घरात कच्छी-सिंधीशी नाते सांगणारी भाषा बोलतात. ती राहती वस्ती आहे, आत डोकावू नये. समोरच्या नव्या मासळी बाजारात सकाळी सातच्या आत गेले तर सुरमई आणि कुपा यांचे ढीग पाहायला मिळतात. आई अर्थातच गाडीत बसून राहिली.

मोठ्या मशिदीत बिगर-मुस्लिमांना शुक्रवार सोडून सकाळी आठ ते अकरा या वेळेत प्रवेश असतो आणि स्त्रियांना डोके, हात, पाय झाकावे लागतात. अल बुस्तानहून ती दूर आहे, म्हणून विमानतळावर जातानाचा दिवस तिच्यासाठी ठेवावा. एका सकाळी डॉल्फिन पाहायलाही गेलो होतो. नौका ठरवून देणाऱ्याने आठ माणसांच्या होडीत तेरा बसवली आणि डॉल्फिन दिसताच चार होड्यांनी त्यांना घेरले. डॉल्फिन सुंदरच होते, पण पुन्हा जाणार नाही.

खर्चाचे बोलायचे तर आम्हाला नाश्त्यासह रात्रीला सव्वाशे रियालच्या घरात पडले, म्हणजे सत्तावीस-अठ्ठावीस हजार रुपये. मोसम आणि सुट्ट्या यांप्रमाणे ही रक्कम बरीच वरखाली होते आणि दाखवलेल्या दरावर कर व सेवाशुल्क वेगळे चढते, तेव्हा नोंदणी करताना शेवटचा आकडा पाहावा. उन्हाळ्यात दर निम्म्यावर येतात, पण मे-जूनमध्ये इथला पारा सहज चाळिशी ओलांडतो, डोंगर तापून रात्रीही उष्णता सोडत राहतात आणि पुळणीवर पाय ठेववत नाही. नोव्हेंबर ते मार्च हाच मोसम.

वडीलधाऱ्यांना घेऊन जाणाऱ्यांना आणि दगदग नको असलेल्या जोडप्यांना मी हे हॉटेल निःशंकपणे सुचवेन. संध्याकाळी गल्लीबोळांतून पायी भटकण्याची ज्यांना सवय आहे, त्यांनी इथे दोन रात्रींपेक्षा जास्त राहू नये. उरलेल्या रात्री मत्राच्या किनारी रस्त्यावरच्या एखाद्या साध्या हॉटेलात काढाव्यात. खिडकी समुद्राची मिळते, खाली उतरले की बाजार आणि पहाटेच्या बांगेनंतर मासळीच्या होड्या लागतात. आम्ही पुढच्या खेपेला तसेच करणार आहोत. आईने मात्र घुमटाखालीच राहणार असे आताच सांगून ठेवले आहे.